पिप्सकाका

पिप्सकाकांचा कुणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीवर नाही, हवामान खात्यावर तर नाहीच नाही. मुलुंडच्या नवघर रोडवर पाव किलो भेंडी घ्यायची तर ते एकेका भेंडीचं टोक मोडून बघतात आणि वर काट्याखाली चुंबक लावलंय का, हे वाकून तपासतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत टाकीसफाईचं बिल त्यांनी एकदा जेवणाची वेळ टळेपर्यंत अडवून धरलं होतं. ब्लीचिंग पावडरीचे चाळीस रुपये जास्त लावले होते म्हणून. असा हा माणूस दर महिना-दीड महिन्याला सेंट व्हिन्सेंट नावाच्या, नकाशावर भिंग घेऊन शोधाव्या लागणाऱ्या बेटावर नोंदलेल्या एखाद्या कंपनीला डॉलरमध्ये फी भरतो. मालकाचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तोंड कधी बघितलेलं नाही. आणि वर आपल्याला सांगतो, "कंपनी जेन्युइन आहे. मी स्वतः चेक केलंय."

पिप म्हणजे चलनाच्या भावातला चौथ्या दशांश स्थळावरचा एक आकडा. युरो १.०८५० डॉलरवरून १.०८५१ वर गेला की एक पिप झाला. हे आमच्या बिल्डिंगमधल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, कारण लिफ्टमध्ये कुणी "कसं काय काका?" विचारलं तर काका "बरंय" म्हणत नाहीत, "वीस पिप्स वर" किंवा "स्टॉपलॉस खाल्ला" म्हणतात. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव आहे, पण कुरिअरवाला आता पिप्सकाकांचाच मजला विचारतो.

जानेवारी २०२० च्या अखेरीस महानगर टेलिफोन निगमच्या हजारो कर्मचाऱ्यांनी एका झटक्यात स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांतले काका एक. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. आयुष्यभर लोकांचे फोन दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा फोन दिवसभर राहिला, आणि त्या फोनमध्ये मलेशियातल्या कुठल्याशा तलावाकाठी बसलेला एक पंचविशीतला मुलगा लॅपटॉपवर दोन बोटं फिरवून महिन्याचा पगार चहा संपायच्या आत मिळवत होता. काकूंनी काळाची पावलं ओळखून निवृत्तीच्या रकमेतला मोठा वाटा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकला आणि पासबुक पैठणीच्या घडीत ठेवून दिलं. उरलेल्या रकमेवर काकांचं आंतरराष्ट्रीय करिअर सुरू झालं.

हा नमुना एकट्या मुलुंडचा आहे असं समजू नका. बोरिवलीत तो चोवीस वर्षांचा असतो, त्याच्या तीन केटी बाकी असतात आणि तो जिममध्ये दोन सेटच्या मध्ये सोन्याचा चार्ट बघतो. घाटकोपरला तो दुकानाच्या गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाइकाला सुट्टे देताना युरो विकतो. अंधेरीला तो रविवारी एखाद्या थ्री-स्टार हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये सापडतो, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर 'फंडेड ट्रेडर'. वय, जात, भाषा काही असो, त्यांना एकत्र बांधणारा प्रश्न एकच: "ही कंपनी जेन्युइन आहे का?" आणि या प्रश्नाच्या उत्तरासाठी मुलुंड पूर्वेला यावं लागतं.

काकांचा दिवस लंडनवर चालतो. उन्हाळ्यात साडेबारा आणि थंडीत दीड वाजता लंडनचा बाजार सुरू होतो, म्हणून त्यांच्या घरी मार्च-ऑक्टोबरात जेवणाची वेळ बदलते. इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य करूनही मुलुंडच्या वरणभाताला हात लावला नव्हता, तो काकांनी लावला. महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे आकडे येतात, त्या संध्याकाळी त्यांची बेल वाजवायची नाही असा मजल्याचा अलिखित नियम आहे. एकदा पाडव्याची वर्गणी मागायला गेलेल्या पोरांना काकांनी दार किलकिलं करून विचारलं होतं, "बेरोजगारी किती आली?" पोरं घाबरून पळाली. त्यांना वाटलं, काका आपल्यालाच विचारतायत.

हॉलमध्ये ज्ञानेश्वरांच्या तसबिरीशेजारी एक सर्टिफिकेट लावलंय. सोनेरी कडा, खाली न वाचता येणारी सही, मधोमध काकांचं नाव आणि त्याखाली 'एक लाख डॉलर'. कंपनीने पीडीएफ पाठवली, फ्रेम काकांनी स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडून करून घेतली. त्या फ्रेमचा परिणाम असा झाला, की काकांच्या चुलतभावाने प्लॉटसाठी बारा लाख उसने मागितले आणि मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवून व्याह्यांकडे आदराने बघायला सुरुवात केली. मीही एकदा त्या फ्रेमखाली बसूनच विचारलं,

"काका, हे एक लाख डॉलर आहेत कुठे?"

"अकाउंटमध्ये."

"कुठल्या बँकेच्या?"

"बँकेत नसतात रे. कंपनीच्या सर्व्हरवर. सिम्युलेटेड कॅपिटल."

"म्हणजे खोटे?"

"खोटे कसे? दिसतात की!"

"आणि तुम्ही युरो घेता, तो?"

"तोही सिम्युलेटेड."

"मग नफा झाला तर?"

"नफ्याचे ऐंशी टक्के खरे!"

"आणि तुम्ही भरता ती फी?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "फी शंभर टक्के खरी. माझी पाटली गेली त्यात."

या प्रॉप कंपन्यांचा धंदा असा असतो. तुम्ही फी भरता आणि परीक्षेला बसता. तिला म्हणायचं चॅलेंज. लाख डॉलरच्या परीक्षेची फी चाळीस-पन्नास हजार रुपयांच्या घरात जाते. पहिल्या फेरीत दहा टक्के नफा दाखवा, दुसरीत पाच टक्के. एका दिवसात पाच टक्क्यांवर किंवा एकूण दहा टक्क्यांवर तोटा गेला की अकाउंट उडालं. म्हणजे नाव लाखाचं, पण खेळायला मोकळीक दहा हजारांचीच. पास झालात तर 'फंडेड'. बहुतेक कंपन्यांत तेव्हाही खातं नकलीच राहतं. तुम्ही नकली बाजारात नफा मिळवला तर कंपनी आपल्या गल्ल्यातून खरे पैसे देते. गल्ला भरतो कशाने? नापास झालेल्यांच्या फीने. आपल्याकडे क्लासवाले नापास मुलांच्या फीवर पास मुलांचे फ्लेक्स लावतात, तसलाच प्रकार. फरक इतकाच, की इथे गुणवंत विद्यार्थ्याला बक्षीसही त्याच फीतून द्यायचं असतं, त्यामुळे गुणवंत फार झाले तर क्लास बंद पडतो. तेव्हा नियमावली जाड असते.

ही गोष्ट काकांना माहीत नाही असं नाही. त्यांना सगळं माहीत असतं, हीच तर पंचाईत. त्यांच्याकडे टेलिफोन खात्यातलं तक्रारींचं एक कोरं राहिलेलं जाड रजिस्टर आहे. 'उपभोक्त्याचे नाव' खोडून तिथे त्यांनी 'कंपनी' लिहिलंय, 'पत्ता' तसाच ठेवून त्याखाली बेटं लिहिलीयत (सेशेल्स, मॉरिशस, वानुआतू, सेंट लुसिया, एखाद्या मराठी माणसाने एवढी बेटं हनिमूनलाही बघितली नसतील), आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात तीनच शेरे आढळतात: जेन्युइन, जेन्युइन होती, जेन्युइन वाटते. घाटकोपरहून, ठाण्याहून पोरं विचारायला येतात तेव्हा काका चष्मा पुसून रजिस्टर उघडतात. कसोटी एकच: पेआउट देते का? दोघातिघांना पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट आले की शिक्का पडला. भेंडीचं टोक मोडून बघणारा माणूस इथे फोटोतली भेंडी बघून पोतं उचलतो.

सेंट व्हिन्सेंटचं नियामक प्राधिकरण स्वतःच जाहीर सांगतं, की आम्ही फॉरेक्स दलालीचा परवाना देत नाही. कंपनी नुसती नोंदवता येते, जशी आपल्याकडे पतसंस्था काढता येते त्याहूनही सोपी. मी हे सांगितलं तर काका शांतपणे म्हणाले, "बरोबर. परवाना देतच नाहीत, तर कंपनीने तो आणायचा कुठून?"

७ सप्टेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ३४ नावांची सावधगिरीची यादी काढली: परकीय चलनाचे सौदे करायची परवानगी नसलेल्या कंपन्या आणि संकेतस्थळं. काकांनी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि लाल पेनने खुणा केल्या. आपल्या पाच कंपन्या तीत निघाल्याचा त्यांना जो आनंद झाला, तो दहावीच्या निकालात मुलाचं नाव सापडलेल्या बापाला होत असेल. प्रागमधली एफटीएमओ, प्रॉप कंपन्यांची थोरली बहीण, तीही यादीत होती. "रिझर्व्ह बँक कधी फालतू माणसांची दखल घेते का?" काका म्हणाले. "नामांकित असल्याशिवाय यादीत नाव येत नाही." पुढे यादी वाढत ७५ वर गेली, मग ८८ वर. तेवढ्या काळात काकांनी सिद्धांत उलटा फिरवला: यादीत नाही ती मंजूर. यादीखालीच स्पष्ट लिहिलंय, की यादीत नाव नसणं म्हणजे परवानगी नव्हे. पण काकांच्या प्रिंटमध्ये तो मजकूर दुसऱ्या पानावर गेला होता आणि झेरॉक्सवाला पानाला पाच रुपये घेतो.

इथे काकांची बाजू थोडी घ्यायला हवी. एफटीएमओ ही काही रातोरात पळणारी टोळी नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने ओआंडासारखा जुना, अनेक देशांत परवाने असलेला दलाल विकत घेण्याचा करार जाहीर केला. प्रागमध्ये ती उजळ माथ्याने धंदा करते. पण प्रागमध्ये सरळ असणं आणि मुलुंडच्या रहिवाशाला तिच्याशी व्यवहार करायची मुभा असणं, या दोन निराळ्या गोष्टी. आपल्याकडे १९९९ चा फेमा कायदा आहे. परकीय चलनाचा सौदा अधिकृत व्यक्तीकडेच, ठरलेल्या कारणांसाठीच; ऑनलाइन करायचा तर रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या जागी किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारात. वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवायची सवलत मुलाच्या शिक्षणाला चालते, सहलीला चालते, परदेशी दलालाकडे मार्जिन भरायला चालत नाही. मोडलंत तर रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे. काका सोसायटीच्या उपविधींतलं प्रत्येक कलम पाठ म्हणतात, पण फेमाचं नाव काढलं की त्यांना एकदम ऐकू कमी येतं.

"मग राष्ट्रीय शेअर बाजारात करा ना," मी म्हणालो. तिथे २९ ऑगस्ट २००८ पासून डॉलर-रुपयाचे वायदे आहेत. २०१८ पासून युरो-डॉलर, पाउंड-डॉलरही आले. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये मूळ व्यवहाराचा नियम (सौद्यामागे परकीय चलनाची खरी गरज हवी) आठवून दिल्यावर रुपयाच्या जोड्यांमधून छोटी गिऱ्हाइकं निघून गेली ही गोष्ट वेगळी.

"तिथे लिव्हरेज कुठंय?" काकांनी मला उडवून लावलं. "इकडे एकाला पाचशे!"

एकाला पाचशे म्हणजे दोनशे डॉलरवर लाख डॉलरचा सौदा. लाखाच्या सौद्यात एक पिप दहा डॉलरचा, म्हणजे वीस पिप्स उलटे गेले की दोनशे डॉलर संपले. युरो वीस पिप्स हलायला युद्ध व्हावं लागत नाही. काकूंचा चहा उकळेपर्यंत हलतो. युरोपने म्हणूनच २०१८ मध्ये हौशी गिऱ्हाइकासाठी मोठ्या चलनजोड्यांवर तीसपटीची मर्यादा घातली, तीही असल्या खात्यांतली ७४ ते ८९ टक्के तोट्यात जातात असं आढळल्यावर. हा आकडा काकांनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. त्याखाली अधोरेखित: "म्हणजे ११ ते २६ टक्के जिंकतात!!" सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याकडच्या फ्युचर्स-ऑप्शन्सचा हिशेब मांडला. तीन वर्षांत ९३ टक्के लोक बुडाले होते. तेव्हा काका खरोखर हळहळले. "शेअरवाल्यांची कीव येते," म्हणाले.

डब्बावाल्यांची मात्र त्यांना चीड आहे. त्यांचे साडू कांदिवलीला राहतात. जून २०२३ मध्ये पोलिसांनी तिथल्या महावीर नगरात डब्बा ट्रेडिंगच्या एका अड्ड्यावर धाड घातली. तीन महिन्यांची उलाढाल ४,६७२ कोटी निघाली. त्या वर्षी गणपतीला साडूंकडे हाच विषय होता. मोदकाचा घास हातात धरून काकांनी सगळ्यांना समजावलं. डब्ब्यात सौदा बाजारात जातच नाही. भाव तेवढा खऱ्या बाजाराचा, सौदा चालवणाऱ्याच्या वहीत. गिऱ्हाईक हरलं की त्याचा फायदा, जिंकलं की तोटा. १९५६ च्या कायद्याखाली दहा वर्षं आत जाऊ शकतो माणूस. "असल्यांना फोडून काढलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी मोदकाचं नाक मोडलं.

"आणि तुमचा दलाल सौदा कुठे पाठवतो?" साडूंच्या मुलाने विचारलं. हा मुलगा सीएच्या आर्टिकलशिपला आहे, त्यामुळे घरात कुणाला फारसा आवडत नाही.

"तो बी-बुक करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे... सौदा स्वतःकडे ठेवतो."

"त्याच्या वहीत?"

"सर्व्हरवर," काका ठासून म्हणाले, आणि विषय तिथे संपला. खरं तर विषय तिथे सुरू होतो. आपण हरलो तर पैसा कुणाला मिळतो, हा एकच प्रश्न काकांनी त्या जाड रजिस्टरात कुठेही रकाना आखून विचारलेला नाही. अमेरिकेत एफएक्ससीएम हा मोठा दलाल वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत होता, की आम्ही नुसते मधले, तुमच्या हरण्यात आमचं काही नाही. पलीकडे बसून सौदे घेणाऱ्या कंपनीशी त्याचे हितसंबंध असल्याचं निघालं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ७० लाख डॉलर दंड ठोकून त्याला तिथून बाहेर काढलं. त्याच्याकडे परवाना होता, मोठं ऑफिस होतं, पेआउटही वेळेवर होते.

दिल्लीच्या आयपीएल संघाबरोबर २०२१-२२ मध्ये ऑक्टाएफएक्सचं नाव झळकत होतं तेव्हा काका दिल्लीचे पाठीराखे झाले, हे मुंबईकराला शोभलं नाही एवढंच सांगतो. ती कंपनीही रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या यादीत निघाली. पुण्याच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यावरून ईडीने तपास सुरू केला आणि त्यात स्पेनमधल्या मालमत्तेपर्यंत, एका आलिशान बोटीपर्यंत टाच गेली. काकांनी शेरा बदलला. "बोट घेतली होती म्हणजे धंदा जोरात होता," एवढं मात्र पुटपुटले.

काका एकदा बरोबर ठरले, तेही नोंदवायला हवं. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अमेरिकेच्या वायदे आयोगाने माय फॉरेक्स फंड्स चालवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीवर खटला भरला आणि पैसे गोठवले. गिऱ्हाइकं सव्वा लाखाच्या वर, फी ३१ कोटी डॉलर, असा आरोप होता. काकांचं तिथे दुसऱ्या फेरीतलं खातं होतं. घरात तीन दिवस गोडधोड झालं नाही. पुढे कोर्टात निघालं ते भलतंच. कंपनीने कॅनडाच्या सरकारला भरलेला कर आयोगाने संशयास्पद रक्कम म्हणून दाखवला होता, आणि चूक कळल्यावरही नीट कबूल केली नव्हती. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी आयोगाच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढून खटलाच काढून टाकला. काकांनी मजल्यावर पेढे वाटले. "निर्दोष सुटली!" मी म्हटलं, काका, कंपनीचा धंदा चांगला की वाईट हे कोर्टाने सांगितलंच नाही, सरकारी वकील खोटं वागले एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला दुसरा पेढा परत घेतला.

आता बोरिवलीचं. भाचीचं डोहाळजेवण होतं. मुलुंडहून बोरिवली म्हणजे दादरला उतरा, पूल चढा, वेस्टर्न पकडा. या प्रवासात माणूस खंगतो, पण काका सोन्यात एंट्री घेऊनच निघाले होते. मंडळी डोहाळ्यांची गाणी म्हणत असताना ते भाचीच्या बेडरूममध्ये, पंख्याखाली, तिच्याच वायफायवर सौदा बंद करून आले. चेहरा असा फुललेला, की फोटोग्राफरने त्यांनाच आधी बसवलं. साडेतीनशे डॉलर. आयुष्यातला सर्वांत मोठा पेआउट.

तो आला नाही. आला तो 'प्रिय ट्रेडर' असा मेल. आपलं खातं वेगळ्या आयपी पत्त्यावरून चालवलं गेल्याचं दिसतं, सबब ते दुसऱ्याच्या हाती दिल्याचा नियमभंग झाला आहे, नफा रद्द. कंपनीला बोरिवली हा परदेश वाटला. मुलुंडकरांना तो तसा वाटतोच, पण आपण तसं लेखी देत नाही. काकांनी सपोर्टला लिहिलं. सोफिया नावाच्या बाईने दोन सेकंदांत तिकीट नंबर दिला, आपली अडचण समजते म्हणाली आणि चोवीस तासांत कळवते म्हणाली. रोज तेच म्हणते. यात काकांना राग यायला हवा होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क कौतुक दिसलं. "तक्रार नोंदवली आहे म्हटलं की निम्मी तक्रार मिटते," ते म्हणाले. "बाई आमच्या खात्यात असती तर चीफ इंजिनिअर झाली असती."

त्याच सुमाराला, जुलै २०२५ मध्ये, सेबीने जेन स्ट्रीटचे ४,८४३ कोटी रुपये अडकवले. न्यूयॉर्कची ही प्रॉप कंपनी खरीखुरी: स्वतःचा पैसा, स्वतःची जोखीम, आणि तिथे बसणाऱ्या पोराकडून फी घेत नाहीत, पगार देतात. आपल्या मालाड-घाटकोपरच्या दलालांकडे बसणारे जॉबरही मालकाच्याच पैशावर खेळतात, हरले तर शिव्या खातात, पण प्रवेशपरीक्षेचे पन्नास हजार कुणी मागत नाही. हा फरक मी काकांना समजावणार होतो. पण ते गॅलरीत उभे राहून उदासपणे म्हणाले, "या धंद्यात दिवसच वाईट आलेत. त्यांचे अडकले, आमचे अडकले." एवढ्या आपलेपणाने कुणी जेन स्ट्रीटचं दुःख वाटून घेतलं नसेल.

काकूंनी हे सगळं किती वर्षं चालू दिलं याचं आश्चर्य वाटेल, पण त्यांचा हिशेब सरळ होता: दारू नाही, पत्ते नाहीत, घरात असतात. बिनसलं ते बँकेत. मागे एकदा खरोखर मिळालेला छोटा पेआउट काकांनी क्रिप्टोतून, कुणा अनोळखी माणसाकडून रुपयांत वळवून घेतला होता. त्या अनोळखी माणसाच्या खात्यात भलत्याच कुणाचे फसवणुकीचे पैसे आले होते, आणि दूरच्या कुठल्याशा राज्यातल्या सायबर पोलिसांनी साखळीतली सगळी खाती गोठवली. विजेचं बिल परत आलं, पेन्शन खात्यात दिसायची पण निघायची नाही. मॅनेजरने विचारलं, हे पैसे कशाचे? काका म्हणाले, परफॉर्मन्स फी. मॅनेजरने काकांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

घरी आल्यावर काकांनी आघाडी उघडली. "तुझ्या भिशीला तरी कुठला परवाना आहे गं?"

"नाही परवाना," काकू म्हणाल्या. "पण देशपांडेबाईंनी पैसे बुडवले तर मी त्यांच्या दारात चटई टाकून बसेन. तुम्ही सेंट व्हिन्सेंटला कुठल्या फलाटावरून जाणार आहात?"

खातं सुटलं, पण चेकबुक, एटीएम कार्ड आणि यूपीआयचा पिन काकूंकडे गेला. काका दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी भाजीच्या पिशवीत पैसे घालून त्यांच्यापुढे ठेवले. "पंधराशे. आठवड्याची भाजी-फळं. दिवसाला अडीचशेच्या वर गेलात तर अकाउंट बंद. आठवडाअखेर दीडशे वाचवून दाखवा, ते तुमचे. दोन आठवडे जमलं तर किराणाही तुमच्याकडे देते."

काकांचे डोळे चमकले. "फेज वन?"

"फेज वन."

सोमवार-मंगळवारी काकांनी मुलुंडचा भाजीबाजार हादरवून सोडला. गवार तीन ठिकाणी विचारून घेतली, कोथिंबीर फुकट आणली, रजिस्टरला नवा रकाना पडला. बुधवारी स्टेशनबाहेर देवगड हापूसची पेटी उघडी दिसली. भाव पडतोय, इथून वर जाणारच, असा त्यांना आतून सिग्नल आला आणि त्यांनी सबंध पेटी उचलली. सगळे पैसे एका सौद्यात. घरी आल्यावर काकूंनी वरचा थर उचलला, तर खालचे निम्मे आंबे कर्नाटकचे निघाले, तेही डागी.

"अकाउंट उडालं," काकू म्हणाल्या आणि पिशवी खुंटीला लावली.

काकांनी एक आंबा नाकाशी धरला, दाबून बघितला, परत ठेवला. मग पाकिटाच्या आतल्या कप्प्यात बोटं घालत, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "रीसेटची फी किती?"